सळईचा भाव आणि तिसरी घंटा

तंगीच्या काळात सरकारने नाटकाला, तालमीला, वस्तुसंग्रहालयाला पैसा द्यावा का, यावर पुण्या-मुंबईत जो वाद होतो, त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: सरकारने हात आखडला तर समाज पुढे येईल. नवीन जालन्यात हे गृहीतकच टिकत नाही. इथे सरकार आणि समाज एकाच वेळी हात आखडतात, आणि त्यालाही कारण आहे.

कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला पूर्वीचे कादराबाद, म्हणजे आजचा नवीन जालना. ही पहिल्यापासून व्यापाऱ्यांची वस्ती. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण याच बाजारपेठेच्या जिवावर टिकली. आज त्या पाळण्याच्या दोऱ्या तीन: मोंढा म्हणजे धान्यबाजार, बियाणे आणि पोलाद. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि गाव बियाण्यांसाठी देशभर ओळखले जाऊ लागले. पुढे औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधून निघणारी सळई राज्यभर जाऊ लागली. गावातले सांस्कृतिक जीवन याच तीन ठिकाणी पावती पुस्तक घेऊन फिरते. धुळवडीला रेवड्या उधळत निघणारी, शंभरीपार गेलेली हत्ती रिसाल्याची मिरवणूक असो, गणेशोत्सव असो की व्याख्यानमाला, आधी मोंढ्यात पावती फाटते, मग एमआयडीसीत.

आता सळईचे गणित पाहा. ती विकली जाते बांधकामावर, आणि पूल, रस्ते, धरणे, इमारती बांधणारा मोठा गिऱ्हाईक म्हणजे सरकार. सरकारने नवी कामे थांबवली की भट्टीच्या पाळ्या कमी होतात आणि वर्गणी मागायला गेलेल्या मंडळाला चहा मिळतो, पावती पुढच्या वर्षावर जाते. पाऊस दगा देतो त्या वर्षी मोंढाही थंड असतो. म्हणजे सरकारची कपात इथल्या कलेला दोनदा बसते, एकदा अनुदानात आणि एकदा देणगीत.

कोरोनाकाळातला, 4 मे 2020 चा वित्त विभागाचा निर्णय या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. विकास योजनांसाठी तरतुदीच्या 33 टक्केच निधी मिळेल, नवी कामे घेऊ नयेत, नोकरभरती करू नये. प्राधान्य आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्नपुरवठा, मदत व पुनर्वसन यांना. त्या महिन्यात यात चूक काढणे कठीण आहे. पण सांस्कृतिक कार्य खात्याला सावरून घ्यायला पुढचे वर्ष उजाडावे लागले. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यातल्या 56 हजार कलाकारांना प्रत्येकी 5,000 रुपये एकदाच देण्याचे ठरले. एकूण 28 कोटी. दोन हंगाम जत्रा बंद, लग्ने बंद, गोंधळ-जागरण बंद, आणि हाती पाच हजार. संबळवाल्याच्या घरात दोन महिन्यांचा किराणा जेमतेम भरला असेल.

या आकड्याकडे कीव म्हणून पाहू नये, पद्धत म्हणून पाहावे. मंदीत सरकार कलाकाराला काम देत नाही, मदत देते, तीही काम गेल्यावर बऱ्याच काळाने. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाचा वृत्तांतही असाच. अ, ब, क अशा श्रेणी करून महिना 3,150, 2,700 आणि 2,250 रुपये वर्षानुवर्षे चालले; 2024 मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने योजना नव्याने आली आणि सरसकट 5,000 झाले. सुधारणा चांगलीच आहे. पण हे निवृत्तीचे मानधन आहे. पस्तिशीतल्या, ढोलकी अजून गळ्यात असलेल्या माणसासाठी त्यात काही नाही.

चालत्या कलेसाठी सरकारची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात यशस्वी गोष्ट म्हणजे 1954 पासूनची राज्य नाट्य स्पर्धा. मराठवाड्यातल्या हौशी रंगभूमीला अंगण मिळाले ते या स्पर्धेमुळे. तिची अडचण रकमेपेक्षा वेळेची आहे. तालमीची जागा, नेपथ्याचे लाकूड, सामान नेणारा टेम्पो, प्रकाशयोजनेचे साहित्य, रंगभूषाकार, यातले कुणीही उधारीवर येत नाही. निर्मिती खर्च मात्र प्रयोग झाल्यावर, कागद फिरल्यावर हातात पडतो. मधली फट दिग्दर्शकाचा पगार, कुणाच्या बायकोचे मंगळसूत्र किंवा एखादा दुकानदार भरून काढतो. चांगल्या वर्षात ही फट दिसत नाही. बाजार मंद असला की दुकानदार नाही म्हणतो, आणि संस्था त्या वर्षी प्रवेशिकाच भरत नाही. त्याची नोंद कुठल्याही कपातीच्या आदेशात होत नाही.

गावात मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांच्या नावाचे नाट्यगृह आहे. 2023 मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, म्हणजे अशा वास्तूंची जबाबदारी आता मोठ्या नावाच्या संस्थेवर आली. उत्पन्न नावाएवढे वाढलेले नाही. नाट्यगृह बांधणे हा एकदाचा खर्च असतो. पडदा, ध्वनी, वातानुकूलन, स्वच्छतागृह, रात्री अकरानंतर थांबणारा माणूस, हा रोजचा. बांधकामाला भूमिपूजन असते, कोनशिला असते, नाव कोरता येते. विजेच्या बिलाला कोनशिला नसते, म्हणून तंगीत पहिली कात्री तिथे लागते.

खेळातही हेच. 31 ऑक्टोबर 2018 रोजी राज्याने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात जालना जिल्ह्यातले तालुकेही होते. त्याच डिसेंबरात जालन्यात महाराष्ट्र केसरी रंगली आणि बाला रफिक शेखने अभिजित कटकेला हरवून गदा उचलली. दुष्काळी वर्षात इतका मोठा आखाडा उभा राहिला याचे कौतुकच आहे, पण त्यातून एक गोष्ट कळते: चार दिवसांच्या सोहळ्याला दुष्काळातही पैसा मिळतो. तालमीतल्या सोळा वर्षांच्या पोराला रोज लागणाऱ्या दूध-बदामाला, मातीत घालायच्या हळद-ताकाला, वस्तादाच्या मानधनाला तो मिळत नाही. 2022 मध्ये जिल्हा क्रीडा संकुलासाठीची मर्यादा 8 कोटींवरून 25 कोटी झाली, तालुक्याची 1 कोटीवरून 5 कोटी. वाढ हवीच होती. संकुलात शिकवणारा मार्गदर्शक मात्र आजही बहुतेक ठिकाणी कंत्राटावरचा.

वस्तुसंग्रहालयाबाबत तर कापायलाच काही नाही. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. 1938 मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचे इतके साम्य आहे, की ती पॉम्पेईची मूर्ती याच भागात घडली असावी असे काही अभ्यासकांना वाटते. रोमपर्यंत माल पाठवत असावे असे हे गाव. पण इथले अवशेष पाहायचे तर छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या संग्रहालयात जावे लागते. तेरला संग्रहालय आहे, पैठणला आहे, माहूरला आहे. जालन्यातल्या शाळकरी मुलाला आपल्या जिल्ह्याचे दोन हजार वर्षांचे वय कळावे अशी एक खोली जिल्ह्यात असायला हरकत नव्हती. भरभराटीच्या वर्षांतही ती कुणाला सुचली नाही. हा दोष मंदीच्या माथी मारता येणार नाही.

दुसरी बाजू हलकी नाही. ज्या गावाने टँकरच्या रांगा पाहिल्या, घाणेवाडी तलावातला गाळ लोकवर्गणीतून उपसला, तिथे आधी पाणी की आधी नाटक हा प्रश्न विचारण्याचा हक्क कुणालाही आहे. राज्याची स्थितीही नाजूक: 2025-26 च्या अर्थसंकल्पात 45,891 कोटींची महसुली तूट, नऊ लाख कोटींहून अधिक कर्ज, लाडकी बहीण योजनेसाठी 36 हजार कोटी. शिवाय सरकारी पैशामागून सरकारी आवडही येते. मानधनाच्या यादीत शिफारशीची नावे घुसतात, हे तालुक्याला ठाऊक आहे.

तरीही ‘आधी पाणी’ या युक्तिवादाला महाराष्ट्रानेच उत्तर देऊन ठेवले आहे. 1972 च्या दुष्काळात राज्याने भिक्षा वाटली नाही, काम दिले. त्यातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. पीक बुडते त्याच वर्षी मजुराला कामाची जास्त गरज असते, हे आपण देशाला शिकवले. अमेरिकेने महामंदीत हाच न्याय कलावंतांना लावला. 1935 मध्ये फेडरल थिएटर प्रोजेक्ट सुरू झाला, हॅली फ्लॅनगन यांच्या हाताखाली बेकार नट, तंत्रज्ञ, शिवणकाम करणारे पगारावर नाटके करू लागले. भरात असताना पगारावरच्या लोकांचा आकडा 12 हजारांवर होता. 1939 मध्ये राजकीय रोषापायी संसदेने हा प्रकल्प बंद केला, म्हणजे सरकारी आवडीचा धोका तिथेही होता. पण त्या चार वर्षांत कलावंत घरी बसला नाही. आपण रस्त्याची खडी फोडणाऱ्याला हमी दिली, शाहिराला दिली नाही.

तेव्हा मागायचे काय? जिल्हा वार्षिक योजनेतून गड, मंदिरे, संरक्षित स्मारके यांच्या जतनासाठी तीन टक्क्यांपर्यंत निधी ठेवण्याची सोय आहे. दगडाला तीन टक्के मिळत असतील, तर चालत्या कलेला आणि खेळाला एक टक्का मागणे जास्तीचे नाही. त्याला तीन अटी हव्यात. हा पैसा बांधकामाला वापरता येणार नाही. कपातीचे आदेश त्याला लागू होणार नाहीत. आणि तो प्रयोगाआधी, हंगामाआधी मिळेल. हिशेब नंतर घ्या, तपासा, चुकला तर पुढच्या वर्षी देऊ नका. लाभार्थ्यांची यादी महापालिकेच्या फळ्यावर लावली, तर शिफारशीची नावे गावच ओळखेल.

चांगल्या वर्षात हा एक टक्का कुणाला जाणवणारही नाही. त्या वेळी मोंढा आहे, एमआयडीसी आहे. त्याची परीक्षा सळईचा भाव पडेल त्या वर्षी. नाट्यगृहाची नवी कमान त्या वर्षी पुढे ढकलली तरी चालेल. तिसरी घंटा मात्र ठरल्या वेळी व्हायला हवी, कारण मोडलेली संस्था कमानीसारखी नव्या निविदेने उभी राहत नाही.