कूटबद्ध संपर्कातील आवृत्ती-सुसंगती : सवलत कोणास, भार कोणावर?

प्रस्तावना :

गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुका बहुभाषिक आहे. मराठी व गोंडी यांच्या जोडीला पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांची बंगाली येथे नांदते. आठवडी बाजारात अनोळखी ग्राहक आणि विक्रेता समोरासमोर आले की दोघांनाही येणारी भाषा क्षणार्धात ठरते. संगणक व संकेतस्थळ यांच्यातील कूटबद्ध संपर्काचा आरंभही असाच होतो. ट्रान्सपोर्ट लेअर सिक्युरिटी, अर्थात टी.एल.एस., या नियमावलीच्या १.० (१९९९), १.१ (२००६), १.२ (२००८) व १.३ (२०१८) अशा चार आवृत्त्या झाल्या. मूळ संकेत साधा होता : ग्राहक-संगणकाने आपल्याला अवगत असलेली सर्वोच्च आवृत्ती सांगावी, सर्व्हरने तिच्याहून वरची नसलेली, आपल्याला येणारी आवृत्ती निवडून उत्तर द्यावे. हा संकेत कागदावर निर्दोष होता. व्यवहारात मात्र तो मोडला. तो कोणी मोडला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विवेचन :

अनेक सर्व्हर अपरिचित, वरचा आवृत्ती-क्रमांक दिसताच खालच्या आवृत्तीत उत्तर देण्याऐवजी संपर्कच तोडत. वापरकर्त्याची गैरसोय टाळण्यासाठी ब्राउझर मग स्वतःहून खालचा क्रमांक सांगून पुन्हा प्रयत्न करू लागले. ही वरवर सौजन्याची वाटणारी तडजोडच घातक ठरली. वाटेत बसलेल्या आक्रमकाने संपर्क मुद्दाम तोडला, तर दोन सक्षम पक्षही दुबळ्या आवृत्तीवर उतरत. ऑक्टोबर २०१४ मध्ये गुगलच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला ‘पूडल’ हा हल्ला या माघारीच्याच आधारे एस.एस.एल. ३.० पर्यंत पोहोचतो. बाजारातील उपमा पुढे न्यायची तर, ‘याला तुझी भाषा येत नाही’ असे खोटे सांगणारा दलाल दोघांच्या मध्ये उभा राहिला, आणि दोघांनीही त्यावर विश्वास ठेवला.

टी.एल.एस. १.३ ची संहिता, म्हणजे ऑगस्ट २०१८ मधील आर.एफ.सी. ८४४६, या इतिहासाला दिलेले उत्तर आहे. ते चतुर आहे, परंतु पूर्णतः प्रांजळ नाही. जुन्या आवृत्ती-रकान्यात ग्राहकाने १.२ चाच क्रमांक लिहावा आणि आपल्याला येणाऱ्या आवृत्त्यांची खरी यादी एका स्वतंत्र विस्तारात द्यावी, असे ती सांगते. शिवाय १.३ जाणणाऱ्या सर्व्हरला १.२ किंवा त्याहून खाली उतरावे लागल्यास त्याने आपल्या यादृच्छिक संख्येच्या अखेरच्या आठ बाइटांत ठरावीक खूण सोडावी, म्हणजे फसवून घडविलेली माघार ग्राहकाच्या लक्षात येईल. ही खुणेची योजना या संहितेतील सर्वांत समाधानकारक भाग मानावा लागेल.

रकान्यातील क्रमांक का गोठवावा लागला, याचे कारण सर्व्हरपुरते मर्यादित नव्हते. संस्थांच्या जालावर रहदारी तपासणारी मध्यस्थ उपकरणेही नवे रूप दिसताच अडखळत. २०१७ च्या आरंभी क्रोमने १.३ सुरू करून पाहिले, तेव्हा अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या माँटगोमेरी परगण्यातील शाळांत क्रोमबुक संगणकांचा संपर्क अशाच उपकरणामुळे खंडित झाला. पुढे संहितेत निरर्थक संदेश घालून १.३ ला १.२ चा वेष चढविण्याची मुभा देण्यात आली. नियम मोडणाऱ्या उपकरणांसाठी नियमावलीनेच वेष पालटला. त्या उपकरणांमागे बसलेले विद्यार्थी निर्दोष होते, हे खरे. तथापि सवलत मिळाली ती निर्मात्यांच्या चुकीला.

याच्या शेजारी मार्च २०२१ मधील आर.एफ.सी. ८९९६ वाचावे. कॅथलीन मोरियार्टी व स्टीफन फॅरेल यांच्या या संहितेने १.० व १.१ या आवृत्त्या बाद केल्या. निर्णय योग्यच होता. दुबळी आवृत्ती जिवंत ठेवण्याचा धोका साऱ्यांना भोगावा लागतो. मात्र जुन्या यंत्रणांविषयी तिचे कार्यविषयक प्रकरण फार त्रोटक आहे. अशा यंत्रणांशी संपर्क तुटेल, न तोडल्यास धोका राहील, दोन्ही तोलून वेग ठरवावा, एवढेच ते सांगते. हा तोल सांभाळणारा व्यवस्थापक असतो. जुना फोन हाती असलेला वापरकर्ता त्या परिच्छेदात कोठेच दिसत नाही.

मुलचेऱ्यातून महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरू पाहणारी विद्यार्थिनी या दृष्टीने विचारात घ्यावी. तिच्या घरी अँड्रॉइड ४.४ चा फोन असेल, तर त्या प्रणालीत १.२ ची क्षमता आहे, पण ती मुळात बंद ठेवलेली. ती आपोआप चालू झाली अँड्रॉइड ५.० पासून. त्यामुळे १.२ ची सक्ती करणाऱ्या सेवेशी प्रणालीवर विसंबणारे अॅप जोडले जात नाही, आणि स्वतःची व्यवस्था बाळगणारा ब्राउझर त्याच फोनवर चालू शकतो. हा भेद तिला कळावा कसा? जंगलपट्ट्यात नेटवर्क जाणे नित्याचे. आवृत्तीचा नकारही तिला तसाच भासतो. ती टॉवरला दोष देते, टेकाडावर जाऊन पुन्हा प्रयत्न करते, आणि अर्जाची मुदत सरत असते.

वास्तविक नकाराचे कारण कळविण्याची तरतूद १९९९ पासून आहे. आवृत्ती जुळत नसल्याचा इशारा क्रमांक ७० पहिल्याच टी.एल.एस. संहितेत होता आणि १.३ मध्येही तो कायम आहे. तो यंत्राकडून यंत्राकडे पोहोचतो. पडद्यावर मात्र बहुधा इंग्रजी अक्षरांचे एखादे गूढ सांकेतिक नाव उमटते, किंवा नुसते ‘जोडणी होऊ शकली नाही’. जुनी आवृत्ती चालू ठेवा, ही मागणी असमर्थनीय आहे. ‘आपला फोन जुना असल्याने ही सेवा येथून उघडणार नाही, नेटवर्क ठीक आहे’ हे वाक्य मराठीत दाखवा, ही मागणी मात्र अॅप लिहिणाऱ्यांकडे करता येते, आणि त्यासाठी कोणतीही संहिता बदलावी लागत नाही.