आधी कुणाकडे जायचं? : परिचारिकांच्या परवाना परीक्षेतले प्रश्न आणि विवेक

मागच्या वेळी आपण ॲरिस्टॉटलच्या ‘फ्रोनेसिस’पाशी थांबलो होतो. फ्रोनेसिस म्हणजे प्रसंगी काय करणं योग्य, हे ओळखण्याचा विवेक. तरुण माणूस गणिती होऊ शकतो, पण विवेकी होत नाही, कारण त्याला अनुभव लागतो, असं तो म्हणतो. मग हा विवेक परीक्षेत मोजता येईल का? आज आम्ही समीक्षेसाठी ग्रंथ घेतलेला नाही, एक प्रश्नसंच घेतला आहे. अमेरिकेत नर्स म्हणून काम करायला जी ‘एनक्लेक्स’ परीक्षा द्यावी लागते, तिच्या सरावाचा. (हशा.) हसू नका. गेले चार महिने आम्ही तो वाचतो आहोत.

कारण घरगुती आहे. आमच्या सोसायटीतली एक सिस्टर, एका सार्वजनिक रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात बारा वर्षं काम केलेली, ही परीक्षा नापास झाली. इंग्रजी वाचायला मदत करा म्हणून आमच्याकडे आली आणि आम्हीच विद्यार्थी झालो.

प्रश्न कसे असतात ते बघा. नमुना आम्हीच बेतलाय. चार रुग्ण आहेत. एकाचा गुडघा बदललाय, वेदना दहापैकी सात. दुसऱ्याची साखर 210, जेवणाआधीचं इन्सुलिन द्यायचंय. तिसऱ्या बाईंची थायरॉइड ग्रंथी काल काढली, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येताहेत म्हणतात. चौथे गृहस्थ डिस्चार्जला उशीर झाला म्हणून ओरडताहेत. आधी कुणाकडे जाल?

तिसऱ्या बाईंकडे. थायरॉइडला चिकटून असलेल्या छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथींना शस्त्रक्रियेत इजा झाली, तर रक्तातलं कॅल्शियम उतरतं. मुंग्या ही त्याची पहिली खूण. पुढे स्वरयंत्राचे स्नायू आवळले गेले, तर श्वासच अडतो.

आता नैयायिकाच्या नजरेनं बघा. ‘जो ओरडतो तो गंभीर’ हा हेतू सव्यभिचारी आहे, कारण धोका नसतानाही माणूस ओरडतोच. चांगल्या प्रश्नातला प्रत्येक चुकीचा पर्याय असा एकेक हेत्वाभास असतो. म्हणून आमचं पहिलं मत असं की, सराव प्रश्नांचा खरा ऐवज उत्तरात नाही, उत्तराखालच्या कारणमीमांसेत आहे, आणि त्यातही बाकीचे तीन पर्याय का चुकले, यात. आमच्या सिस्टर रोज शंभर प्रश्न सोडवायच्या आणि टक्केवारी वहीत लिहायच्या. आम्ही म्हटलं, अगं, वीसच सोडव, पण चारही पर्यायांची कारणं स्वतःच्या शब्दांत लिही. मराठीत लिहिलीस तरी चालेल.

क्लासवाले मात्र मंत्र देतात. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण. कृतीच्या आधी तपासणी. जुन्यापेक्षा नवं दुखणं आधी. मंत्र खोटे नाहीत. पण रुग्णाचा श्वास अडल्याचं वाक्यातच लिहिलेलं असेल, तर पुन्हा ‘तपासणी’ निवडणं म्हणजे वेळ घालवणं. कुठला मंत्र कुठे लावायचा, हे मंत्र सांगत नाही. विवेक सुरू होतो तो तिथून, आणि क्लास संपतो तोही तिथेच.

हे परीक्षा घेणाऱ्यांनाही कळलेलं दिसतं. एप्रिल 2023पासून परीक्षेचं रूप बदललं. आता एकाच रुग्णावर सलग सहा प्रश्न येतात : खुणा ओळखा, त्यांचा अर्थ लावा, कुठली शक्यता आधी ते ठरवा, उपाय सुचवा, कृती करा, परिणाम तपासा. पूर्वी ‘लागू ते सर्व निवडा’ प्रकारात एक खूण चुकली की शून्य मिळायचं, आता अंशतः गुण आहेत. ही सुधारणा आम्हाला प्रामाणिक वाटते.

पण तक्रार शिल्लक आहेच. प्रश्नातली बाई म्हणते, ओठांभोवती मुंग्या येताहेत. वॉर्डातली बाई काय म्हणते? ‘सिस्टर, कसंतरी होतंय.’ बस्स. शेजारी तिची सासू म्हणते, काही नाही हो, घाबरलीय ती. मावशी बेडपॅन घेऊन उभ्या, फोन वाजतोय. त्या ‘कसंतरी’मधून मुंग्या बाहेर काढणं हे अर्धं काम, आणि प्रश्नात ते आधीच कुणीतरी करून ठेवलेलं असतं.

मग बारा वर्षं ते काम केलेली बाई नापास का व्हावी? एक प्रश्न होता. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला एकदम धाप लागली, प्रथम काय कराल? तिनं ‘डॉक्टरांना कळवा’ निवडलं. अपेक्षित होतं, डोक्याकडची बाजू उंच करा. आम्ही विचारलं, वॉर्डात तू काय करतेस? ती म्हणाली, ‘सर, कॉट तर वर करतेच ना! ते काय सांगायचं?’

मंडळी, गिल्बर्ट राइलनं 1949 साली ‘काय ते माहीत असणं’ आणि ‘कसं ते येणं’ यांत जो भेद केला, तो आम्ही तीस वर्षं फळ्यावर शिकवला. समजला त्या दिवशी. तिचा हात कॉटच्या दांड्याकडे इतका सहज जातो की त्याला ती ‘कृती’ म्हणून मोजतच नाही. पॅट्रिशिया बेनर यांनी 1984च्या पुस्तकात नवशिकी ते निष्णात असा परिचारिकेचा प्रवास मांडला. निष्णात नर्स नियम आठवून चालत नाही, हे त्यातलं महत्त्वाचं निरीक्षण. शिवाय आपल्याकडे वरिष्ठांना न विचारता काही केलं, तर बोलणी बसतात, तीही तिच्या उत्तरात होती. परीक्षा मात्र विचारते, डॉक्टर येईपर्यंत तुम्ही स्वतः काय कराल? हा प्रश्न आम्हाला रास्त वाटतो. आपल्या व्यवस्थेनं तिला तो कधी विचारलाच नव्हता.

जाता जाता एक. ही परीक्षा संगणक उमेदवारागणिक बदलत नेतो. बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. किमान 85, जास्तीत जास्त 150. उमेदवार पात्रतारेषेच्या वर की खाली, याची 95 टक्के खात्री पटली की यंत्र थांबतं. त्यामुळे उत्तम उमेदवारालाही निम्मं चुकतंय असंच वाटत राहतं. सिस्टरचं यंत्र 85ला थांबलं, आणि ‘85ला थांबलं म्हणजे पास’ या अफवेवर तिनं पेढे वाटले होते. निकाल नंतर आला, नुसता पास-नापास, गुण नाहीतच. ते पेढे आम्हीही खाल्ले होते.

पुढची तारीख तिनं घेतली आहे. ती आता प्रश्न वाचताना आधी डोळे मिटते, हातांनी काय केलं असतं ते मोठ्यानं म्हणते, मग पर्याय बघते. वेळ जास्त लागतो, आणि एकूण पाच तासच असतात, ही अडचण आहे. त्यावर आमच्याकडे अजून उपाय नाही.

पुढच्या व्याख्यानात चरकाचं ‘युक्ती’ हे प्रमाण घेऊ. रोगी, वैद्य, औषध यांच्याबरोबर परिचारकाला चिकित्सेचा चौथा पाय मानणारी ती संहिता आहे. काही विचारायचं असेल तर आता विचारा, माइक मागे पाठवा जरा.