दोन पाळ्यांचा संगणक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीला मिळणारा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था लागते आणि शाळांतले पुष्कळ जुने संगणक त्या अटीत बसत नाहीत. अशा वेळी 'विंडोज राहू द्या, शेजारी लिनक्स बसवा' हा सल्ला शिक्षकांना सर्रास मिळतो. सल्ला चांगला आहे. तो ज्या रीतीने दिला जातो, त्याबद्दल मात्र आमची तक्रार आहे.

पहिली तक्रार अशी की, आत काय घडते हे कोणी सांगत नाही. दोन्ही प्रणाली एकाच वेळी चालतात, असा समज करून दिला जातो. तो चुकीचा आहे. दोन पाळ्यांची शाळा आठवा. इमारत एक, बाके तीच. पण सकाळी एक शाळा भरते, दुपारी दुसरी. संगणकाचे तसेच आहे. वीज सुरू होताच मदरबोर्डवरील चिपमधला छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि चकतीवरचा आरंभक शोधतो. हा आरंभक म्हणजे फाटकावरचा शिपाई. आज कोणती पाळी, एवढेच तो विचारतो. एक प्रणाली स्मृतीत शिरली की दुसरी चकतीवर नुसती पडून राहते.

जुन्या पद्धतीत चकतीचे पहिले ५१२ बाइट या कामासाठी असत. त्यांपैकी ४४६ आरंभकाला, ६४ विभागांच्या तक्त्याला आणि शेवटचे २ ओळखखुणेला. तक्त्यातल्या एका नोंदीला १६ बाइट लागतात. मग मुख्य विभाग चारच का, हे विद्यार्थी स्वतःच सांगतील.

दुसरी तक्रार धोका लपवण्याची. काही वर्षांपूर्वी एका शाळेत लिनक्स बसवताना आम्ही घाईत चुकीचा विभाग निवडला. नववीचे सगळे गुण पुसले गेले. दुसरी प्रत नव्हती. वर्गशिक्षिकेने दोन रात्री जागून उत्तरपत्रिकांवरून ते पुन्हा भरले. त्या आम्हांला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. ते अधिक लागले. 'दहा मिनिटांचे काम' म्हणणाऱ्याने आधी प्रत काढली का, हे शिक्षकांनी विचारलेच पाहिजे. आधार संपलेली प्रणाली इंटरनेटपासून दूर ठेवावी, हेही सांगायला हवे. ती कायमची पुसून टाका, असे आम्ही म्हणत नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका, तो फॉन्ट नसेल तर, दुसरीकडे निव्वळ गिचमिड दिसतात.

तिसरी तक्रार सर्वांत मोठी. यातला खरा धडाच वाया जातो. मदरबोर्डवर बॅटरीवर चालणारे घड्याळ असते. विंडोज त्यातली वेळ स्थानिक मानते, लिनक्स बहुधा जागतिक प्रमाणवेळ मानते. त्यामुळे लिनक्स वापरून विंडोजकडे परतल्यावर सकाळी अकरा वाजता पडद्यावर कधी कधी साडेपाच दिसतात. तंत्रज्ञ मुकाट्याने घड्याळ दुरुस्त करतो. आम्ही म्हणतो, करू नका! फरक नेमका साडेपाच तासांचाच का, हे आधी वर्गाला विचारा. यंत्रातला आकडा एकच, अर्थ मात्र लावणाऱ्यागणिक निराळा, हे विद्यार्थ्यांना इतक्या स्वस्तात दुसरीकडे कुठे दाखवता येईल?

संगणक म्हणजे पडद्यावरची ठरावीक चित्रे, असे समजणारा विद्यार्थी चित्रे बदलली की अडतो. यंत्र वेगळे, प्रणाली वेगळी, हे ज्याने पाहिले तो अडत नाही. दोन पाळ्या चालवण्याचे शाळेतले प्रयोजन हेच आहे. पैशांची बचत हा वरचा लाभ.

म्हणून सुरुवात चकतीला हात न लावता करावी. लिनक्स पेनड्राइव्हवरूनही चालते. पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू केला की सगळे पूर्ववत. आठवडाभर तसे वापरून पाहावे, आपल्या फायलींची प्रत काढावी आणि मगच विभाग पाडायला घ्यावेत. त्या वेळी विद्यार्थ्यांना मात्र शेजारी बसवावे.