लटकी झुंज आणि खरा धनी

हिलेअर बेलॉक व सेसिल चेस्टरटन यांचा ‘द पार्टी सिस्टिम’ हा ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला. इंग्लंडातील लिबरल व कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षांची झुंज लटकी असून दोहोंचे पुढारी एकाच धनिक वर्तुळाची चाकरी करतात, हे त्याचे प्रतिपाद्य होय. बेलॉक १९०६ पासून १९१० पर्यंत लिबरल सभासद म्हणून पार्लमेंटात होता. साहजिकच ग्रंथाला प्रत्यक्ष अनुभवाचे बळ लाभले आहे.

ग्रंथाची खरी शक्ती त्याच्या तपशिलात आहे. समोरासमोरच्या बाकांवरील पुढाऱ्यांचे नातेसंबंध, पक्षांचे गुप्त निधी आणि त्यांत भर घालण्यासाठी होणारी पदव्यांची विक्री यांवर लेखकद्वयाने नेमके बोट ठेवले. हा आरोप पोकळ नव्हता. पदव्यांच्या व्यापाराला आळा घालणारा कायदा १९२५ साली करावा लागला.

तथापि, हितसंबंध समान असणे वेगळे आणि गुप्त संगनमत असणे वेगळे. लेखकद्वय हा भेद पुसून टाकते. ग्रंथ निघाला त्याच वर्षी उमरावांच्या सभागृहाचा नकाराधिकार कायद्याने संकुचित झाला. केवळ लटक्या झुंजीतून असे फळ निघत नाही. पुढे मार्कोनी प्रकरणाच्या चौकशी समितीतही सभासदांची मते १९१३ साली पक्षागणिक विभागली गेली.

याहून गंभीर दोष साहित्यिक स्वरूपाचा आहे. ‘पडद्याआड कोणीतरी आहे’ असे एकदा मानले की कल्पनाशक्ती त्या कोणाला तरी चेहरा देऊ पाहते. बेलॉकने तो ‘इमॅन्युएल बर्डन’ या १९०४ सालच्या कादंबरीतच दिला होता : बार्नेट हा ज्यू सावकार. समाजरचनेतील व्यंग तेथे एका जमातीचे पाप ठरते आणि उपहासाचे रूपांतर द्वेषात होते. मार्कोनी प्रकरणात लिबरल मंत्र्यांच्या शेअरखरेदीवर टीका करण्यास सबळ कारण होते. परंतु चेस्टरटनच्या साप्ताहिकाने आरोपींच्या ज्यूपणावरच भर दिला. १९१३ साली अब्रुनुकसानीच्या खटल्यात तो दोषी ठरला व त्याला शंभर पौंड दंड झाला.

वस्तुतः या ग्रंथातील सर्वांत बोचरे सत्य गुप्त नव्हतेच. ती नाती, त्या मेजवान्या सर्वांसमक्ष होत्या. जे उघड आहे त्याची मीमांसा करणे कठीण असते. त्यामानाने रहस्य कल्पिणे सोपे. बेलॉकसारख्या समर्थ लेखकाने सोपी वाट धरली, हेच या ग्रंथाचे वैगुण्य होय.