नावात अडकलेले औषध

‘स्थानिक भूल देणारी औषधे मज्जातंतूंना बधिर करतात.’ पाठ्यपुस्तकी वळणाचे हे वाक्य चूक नाही, अपुरे आहे. अशा भुलीचे पहिले औषध म्हणजे कोकेन. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी ते डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी पुढे आणले. पण कोकेन उत्तेजकही आहे! मग उत्तेजना बधिरतेतूनच येते का?

माकडांवरील प्रयोग पाहा. तरफ दाबली की शिरेतून प्रोकेन मिळते, हे कळल्यावर माकडे ती पुन्हा पुन्हा दाबतात. लिडोकेनसाठी मात्र दाबत नाहीत. वास्तविक दोन्ही औषधे मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग रोखूनच बधिरता आणतात. फरक दुसरीकडे आहे. मेंदूतील डोपामिन पेशीत परत नेणारे एक प्रथिन असते. कोकेन त्याला जोरात अडवते, प्रोकेन क्षीणपणे. लिडोकेन जवळजवळ नाहीच. म्हणजे माकडाला ओढ लावते ती बधिरता नव्हे.

एक औषध, एक परिणाम अशी यादी पाठ करून घेतली, तर हा प्रश्न विद्यार्थ्याला पडणारच नाही. म्हणून वर्गात ‘हे औषध काय करते?’ याबरोबरच ‘शरीरात कशाकशावर करते?’ हेही विचारू या. औषधाचे नाव आपल्या सोयीचे असते. शरीर ते वाचत नाही.