डोण आणि त्सुकुबाई: सारखं दिसतं म्हणून सारखं असतं का?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक सेमिनार दिला होता. विषय भारदस्त: 'दगडी जलपात्रं, जपान आणि महाराष्ट्र'. एका स्लाइडवर क्योतोच्या र्‍योआन-जी मंदिरातलं दगडी कुंड, शेजारी आमच्या कारेगावातल्या विहिरीवरची डोण. खाली निष्कर्ष: 'दोन्ही संस्कृतींत पाण्याविषयी समान आदरभाव.' गाइडनी एकच प्रश्न विचारला, "यातलं पाणी कोण वापरतं, आणि वापरताना शरीर कसं असतं?" मी गप्प.

आज त्या स्लाइडवर मीच टीका करतोय, कारण असा निष्कर्ष मला अजूनही बऱ्याच प्रबंधांत भेटतो.

'त्सुकुबाई' हे नाव 'खाली वाकून बसणं' या क्रियापदावरून आलंय. चहाच्या विधीला जाणारा पाहुणा कुंडासमोरच्या दगडावर येतो, खाली बसतो, बांबूच्या पळीने पाणी घेऊन हात धुतो, चूळ भरतो. कुंड मुद्दाम बुटकं, म्हणजे कितीही मोठा सरदार असला तरी वाकणारच. घराच्या ओसरीलगतची कुंडं मात्र उंच असतात, ती उभ्यानं वापरायची. म्हणजे कुंडाची उंची हाच पुरावा आहे. मी ती मोजलीच नव्हती.

र्‍योआन-जीच्या कुंडाचंही तसंच. मी त्यावरच्या अक्षरांचा अर्थ तेवढा सांगितला होता: जे आहे त्यात समाधान. पण ती चार अक्षरं एकेकटी वाचली तर तो अर्थ लागत नाही. मधला चौकोनी पाण्याचा खळगा हा प्रत्येक अक्षराचा भाग धरला, तरच वाक्य जुळतं. कुंडाचा आकारही जुन्या भोकाच्या नाण्यासारखा. वस्तू नीट न बघता तत्त्वज्ञान सांगितलं की असं होतं.

आता डोण. ती काळ्या दगडाची, लांबट, जनावराची मान पोचेल इतक्या उंचीची. मोट थारोळ्यात रिकामी व्हायची, पाणी पाटाने शेताकडे जायचं, आणि बैलांची तहान डोणीवर भागायची. इथे वाकतो तो बैल! यात आदर नसेल असं नाही, पण तो दोन फोटो शेजारी ठेवून सिद्ध होत नाही. तुलनाच करायची तर जुन्नर आणि कान्हेरीच्या लेण्यांतली पाण्याची टाकी जास्त उपयोगी. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटलंय आणि ती दान देणाऱ्यांची नावंही आहेत. पाणी कोणी दिलं, कोणासाठी दिलं, हे तिथे दगडच सांगतो.

यावर तुम्ही म्हणाल, मग डोण तिच्या जागेवरच राहायला हवी. मलाही तसंच वाटायचं. पुणे–नगर रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या लॉनवर डोणीत शोभेची झाडं लावलेली बघून मी चिडलो होतो. पण जपानी बागेने माझा हाही मुद्दा खोडला. तिथले चहागुरू जुन्या पुलाचे खांब, दगडी स्तूपांचे तुकडे आणून त्यांचीच कुंडं करत. या पद्धतीला 'मिताते' म्हणतात, म्हणजे एका वस्तूकडे दुसऱ्या रूपात बघणं. फरक असा की तिथे दगडाला नवं काम मिळतं आणि जुनी ओळखही पुसली जात नाही. पुलाच्या खांबाच्या कुंडाला नावही त्यावरूनच असतं. लॉनवरच्या डोणीची ओळख मात्र 'अँटिक' एवढीच. ती कुठल्या विहिरीवरची, हे तिथल्या मॅनेजरलाही सांगता आलं नाही.

म्हणजे वस्तू हलली हा खरा तोटा नाही. नोंद न करता हलली, हा आहे.

तुम्ही प्रस्ताव लिहिताय? मग 'साम्य' हा शब्द लिहिण्याआधी टेप घेऊन जा. उंची, खोली, कोणती कड जास्त झिजलीय, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, एवढं वहीत टिपा. ज्यांनी त्या डोणीवर बैल पाजलेत अशा एखाद्या आजोबांशी बोला. डोण दहा वर्षांनीही कुठल्या तरी लॉनवर सापडेल. आजोबा भेटतीलच असं नाही.