अकरा महिन्यांचा करार आणि बागुलांची कथा

बाबूराव बागुलांचं नाव निघालं की आपण हात जोडतो. पुस्तक मात्र उघडत नाही. बॅनरवर फोटो, भाषणात दोन वाक्यं, संपलं. दोस्तहो, वस्तीतल्या पोरांना मी विचारत फिरलो, 'जेव्हा मी जात चोरली होती' वाचलंय का? बहुतेक म्हणाले, नाव माहितीय. एकजण म्हणाला, अभ्यासाला होती वाटतं.

हा संग्रह १९६३ साली आला. दलित पँथर निघायच्या नऊ वर्षं आधी. माझ्या बापाचा जन्म त्यानंतरचा. तरी यंदा बोरीवलीत भाड्याची खोली शोधताना त्याच्याइतकं ताजं मला दुसरं काही सापडलं नाही, म्हणून त्याच नावाच्या कथेबद्दल लिहितो. मी दहावीनंतर शाळा पाहिली नाही. बोईसरला कापडाच्या गिरणीत कंत्राटी आहे, डहाणूच्या गाडीनं जातो-येतो, गाडीतच वाचतो. समीक्षकांची भाषा आपल्याकडं नाय. जे दिसलं ते सांगतो.

कथा थोडक्यात अशी. मुंबईचा एक शिकलेला पोरगा, कविता करणारा, रेल्वेत नोकरीला लागतो. जागा सुरतेजवळ उधन्याला. नोकरी मिळाली, डोक्यावर छप्पर नाही. तिथला रणछोड त्याची जात विचारतो. हा सांगत नाही. उलट भडकून मोठमोठं बोलतो, मुंबईचं, नव्या देशाचं. रणछोड दबून जातो, हा कुणी वरचाच असणार असं धरून चालतो, आणि खोली मिळते. पुढं रामचरण तिवारी याच्या कवितेवर खूष होतो, मान मिळतो, घरात बोलावणं होतं. तिथंच दुसरा एक आपला माणूस आहे, काशिनाथ सकपाळ. तो जात लपवत नाही, चाकू बाळगतो, अंगावर जातो. शेवटी याची जात उघडी पडते, मार बसतो आणि काशिनाथ येऊन सोडवतो.

मी ऐकलेली सगळी भाषणं या मारापाशी येऊन थांबतात. मार बसला, अन्याय झाला, पेटून उठा. माझं म्हणणं निराळं आहे. या कथेची ताकद मारात नाही, माराच्या आधीच्या दिवसांत आहे. खोली मिळालीय, लोक प्रेम करतायत, आणि त्या प्रेमाचीच भीती वाटतेय. जेवायला बोलावलं की पोटात गोळा. कुणी जवळ आला की हा दोन पावलं मागं. शिवी देणाऱ्यापुढं माणूस ताठ उभा राहतो, पण प्रेमानं ताट वाढणाऱ्यापुढं उभं राहायचं कसं? हा पेच बागुलांनी पकडला. साठ वर्षांत तो जराही शिळा झाला नाही.

त्याच्याही आधी जाऊ. सप्टेंबर १९१७. बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनहून शिकून सयाजीरावांच्या नोकरीसाठी बडोद्याला उतरले. अख्ख्या शहरात राहायला जागा नाही. शेवटी पारशांच्या एका सराईत, वहीत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले. हा प्रसंग आपल्याला पाठ आहे. पण त्या काठ्यांनंतर काय झालं ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये वाचा. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० साली ते छापलंय, छोटंसं आहे. बाबासाहेब दोन मित्रांचा विचार करतात, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र हळहळतो आणि म्हणतो, तू माझ्या घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणतो, बायको उद्या यायचीय, तिला विचारावं लागेल. दोघंही वाईट नव्हते. दोघांचीही स्वतःची काही हरकत नव्हती! हरकत नोकरांची होती, बायकोची होती. बाबासाहेब कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परत आले.

बडोदा, उधना, बोईसर, बोरीवली. एकच पटरी आहे, पश्चिम रेल्वेची. त्याच पटरीवर मी रोज घासतोय.

आता बोरीवलीचं सांगतो. इथं तुम्हाला कुणी जात विचारत नाही. अजिबात नाही. ब्रोकर गोड बोलतो, पाणी देतो. पयलं विचारतो, व्हेज की नॉनव्हेज? मराठी मालक असला तर हा प्रश्न येत नाही, तो स्वतः शुक्रवारी बोंबील आणतो. तिथं निराळं विचारतात. पूर्ण नाव काय? आता जाधव, मोरे, पवार, गायकवाड ही आडनावं चार जातींत आहेत, त्यावरून पत्ता लागत नाही. मग गाव कुठलं? गावात घर कुठं, वरच्या आळीला की खालच्या? गणपती तुमच्या घरी असतो की गावाला? कुलदैवत कुठलं? एक म्हातारी मालकीणबाई मला म्हणाली, बाळा, लग्नं तुमच्यात सकाळी लागतात की संध्याकाळी? मी तिच्या प्रश्नावर खूषच झालो. काय डोकं आहे! जातीचा सर्टिफिकेट काढणाऱ्या तहसीलदाराला इतक्या वाटा माहीत नसतील.

आणि उत्तर मिळाल्यावर नकार येत नाही. 'कळवतो' येतो. खोली कालच गेली असते. मालकाचा भाचा अचानक अमेरिकेहून येणार असतो. फारच लावून धरलं तर ब्रोकर खांद्यावर हात ठेवतो, भाऊ, माझं काही नाही हो, सोसायटीचा प्रॉब्लेम आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, तो म्हणेल, आमचं काही नाही, मालकाची मर्जी. म्हणजे बडोद्याचे नोकर आणि बायको अजून नोकरीवर आहेत. नकार आहे, पण नकाराला मालक नाही.

याचा बंदोबस्त कायद्यानं केलेला नाही असं नाही. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा काढून बघा. त्याच्या चौथ्या कलमात राहती जागा घेणं, बांधणं, तीत राहणं यात अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी आणणं गुन्हा म्हटलाय. स्पष्ट लिहिलंय. पण तोंडातून शब्द निघाला तर गुन्हा शाबित करणं सोपं जातं, आणि तो शब्द तर कुणी काढतच नाही. कोर्टानं तरी काय केलं? २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा खटला सुप्रीम कोर्टात गेला. संस्थेच्या पोटनियमात सभासद पारशीच हवा असं होतं, आणि कोर्टानं तो पोटनियम उचलून धरला. एका समाजाला आपापली वसाहत करायचा हक्क आहे म्हणे. प्रत्येकानं आपापली वसाहत केली की आपण जायचं कुठं, ते निकालात नाही. २०१५ साली सुखदेव थोरात आणि त्यांच्या सोबत्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांतला अभ्यास छापला. भाड्याच्या घरासाठी एकसारखीच माणसं, नावं फक्त निराळी. सवर्ण नावाला दार उघडं, दलित नावाला अर्धवट, मुसलमान नावाला सगळ्यात बंद. आपल्या पोरांनी हेही ध्यानात ठेवावं, आपल्यापेक्षा जास्त दारं मुसलमान पोराच्या तोंडावर आपटतात, आणि त्याच्याकडं तर आडनावाची आडवळणंही नाहीत.

२०२३ च्या सप्टेंबरात मुलुंडला एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारली. मराठी म्हणून. व्हिडिओ फिरला, पक्ष धावले, पोलिसांत गुन्हा नोंदला. चांगलं झालं, व्हायलाच पाहिजे होतं. पण त्या आठवड्यात आमच्या डब्यात मराठी माणसाच्या अपमानावर जे तावातावानं बोलत होते, त्यांत एकजण स्वतः घरमालक होता. त्याला मी विचारलं, काका, तुमच्या खोलीत कोण ठेवलाय? म्हणाले, आपल्यातलाच. 'आपल्यातला' म्हणजे मराठी नाही, हे डब्यातल्या सगळ्यांना कळलं. कुणी काही बोललं नाही.

गिरणीतल्या जुन्या माणसांना हे नवीन नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. कारण काय, तर धोट्यातून दोरा तोंडानं ओढावा लागायचा, तो उष्टा व्हायचा. त्या खात्यात पगार जास्त होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं मांडला. लाल बावट्याखालच्या कामगारालाही दोरा उष्टा वाटत होता. तेव्हा उष्ट्याच्या आड पगार होता, आता मटणाच्या वासाच्या आड खोली आहे. तोंडातून निघणाऱ्या आणि तोंडात जाणाऱ्या गोष्टींवर आपला हिशेब कायम अडतो.

आता आपल्या कवितेकडं येतो. कारण लिहायला बसलो ते त्यासाठीच.

आपल्या अंकाला येणाऱ्या कविता मी दर वेळी बघतो. संपादक मित्र निवडायला बसतो तेव्हा मी चहा घेऊन बाजूला असतो. सूर्य असतो, मशाल असते, गावकुसाबाहेरचा वाडा असतो, मेलेलं ढोर असतं. आणि 'तुम्ही' असतो. तुम्ही आम्हाला हे केलं, तुम्ही आमचं ते हिरावलं, आता तुमची खैर नाही. मी लिहिणाऱ्याला ओळखतो. तो दहिसरच्या मॉलमध्ये सेल्समन आहे, त्यानं ढोर ओढलेलं नाही. त्याच्या आज्यानं ओढलं. आज्याचं दुःख लिहू नये असं मी म्हणत नाही. पण त्या कवीनं मागच्या वर्षी तीन खोल्या बदलल्यात. सामान हलवताना बाबासाहेबांचा फोटो चादरीत गुंडाळून, टेम्पोत तोंड खाली करून ठेवला. नव्या खोलीत बुद्ध हॉलमध्ये लावला, कारण बुद्ध हल्ली सवर्णांच्याही हॉलमध्ये शोभेला असतो. फोटो आतल्या खोलीत, कपाटाच्या दाराला आतून. हे त्यानं मला सांगितलंय, कवितेला सांगितलं नाही!

का नाही? माझ्या मते दोन कारणं. पयलं म्हणजे लाज. विद्रोही कवीनं फोटो आतून लावला हे लिहायचं कसं? दुसरं कारण जास्त अवघड आहे. त्याच्या कवितेला 'तुम्ही' लागतो, आणि इथं 'तुम्ही' सापडत नाही. कुणावर ओरडायचं? ब्रोकर पाणी देतो. सेक्रेटरी 'जय महाराष्ट्र' म्हणतो. म्हातारी बाळा म्हणते. ज्या कवितेला समोर रणछोडसारखा सरळ जात विचारणारा माणूस लागतो, तिला या खोलीत शिरताच येत नाही. मग ती गावाकडं पळते. तिथं वाडा आहे, पाटील आहे, ओरडायला सोय आहे.

बागुलांकडून शिकायचं ते हे. त्यांचा नायक ओरडतो कमी, ऐकतो जास्त. दार वाजलं की कोण असेल? हा हसला तो का हसला? हे त्यांनी लिहिलं, आणि लाज न लपवता लिहिलं. कथेच्या नावातच 'चोरली' आहे. आपण असतो तर 'लपवावी लागली' म्हटलं असतं, म्हणजे दोष लगेच दुसऱ्यावर. बागुलांनी चोराची भाषा वापरली. जात जन्मानं माझीच, आणि मीच ती चोरलेल्या मालासारखी कनवटीला बांधून फिरतोय. एका शब्दात सगळी उलटापालट आहे.

पण मी बागुलांना नुसता नमस्कार घालायला बसलो नाही. शेवट मला कमी पडतो. मार खाऊन झाल्यावर कथा त्या माराचा धनी म्हणून मनूकडं बोट दाखवते. १९६३ ला ते बरोबर असेल. आजच्या सेक्रेटरीला मनू ठाऊकही नसतो. त्याच्याकडं पोटनियम आहे, अकरा महिन्यांचा रजिस्टर केलेला करार आहे, व्हॉट्सॅपवर सोसायटीचा ग्रुप आहे. मनूपर्यंत पोचायला कथेला एक वाक्य लागतं, आणि वाटेतले सगळे जिवंत लोक सुटतात. काशिनाथचंही तसंच. त्याचा चाकू वाचताना अंगात वीज जाते, कबूल. पण चाकूनं मारणाऱ्याला अडवता येतं, 'कळवतो' म्हणणाऱ्याला नाही अडवता येत. काशिनाथ आज बोरीवलीत असता तर त्यालाही डिपॉझिट परत घेऊन निघावं लागलं असतं, आणि तो कुणावर चाकू काढायचा ते त्याला कळलं नसतं. त्या काशिनाथची कथा कुणीतरी लिहायला हवी. बागूल २००८ साली गेले, ते लिहिणार नाहीत.

जाता जाता एक. कान्हेरीला आपण वर्षातून एकदा तरी जातो, डोंगरभर खोल्याच खोल्या. दगडातल्या, बसायला झोपायला ओटा, बाहेर पाण्याची टाकी. कुणी दिल्या तेही कोरलंय, कल्याणचा व्यापारी, सोपाऱ्याचा व्यापारी. एका लेखात मंगलठाण गावचं शेत दान दिल्याचं आहे, आणि ते म्हणजे आपलं मागाठाणे असं अभ्यासक सांगतात. त्याच मागाठाण्याला आता मेट्रोचं स्टेशन झालं आणि खोलीचं भाडं वाढलं. पोरं लेण्यांवर सेल्फी काढतात, त्रिशरण म्हणतात. त्या खोल्या रिकाम्या बघून कुणाला कविता कशी सुचत नाही, मला कळत नाही.

बागुलांच्या कथेत खोली शोधणारी बाई नाही. आपल्या कवितेतही नाही. आमच्या गिरणीत पॅकिंगला एक मुलगी आहे, विदर्भातली. बोरीवलीत चारजणींत मिळून राहते. तिला सगळं दुप्पट विचारलं. जातीच्या आडवाटा आहेतच, वर रात्रपाळी असते का, फोन कुणाचा येतो, भाऊ येतो तो सख्खाच का. रूममेट चांगल्या आहेत, तिला ताप आला तर रात्रभर बसल्या. म्हणूनच त्यांना सांगितलेलं नाही. सहा डिसेंबरला ती मावशीकडं जाते म्हणून निघते. पांढरी ओढणी पिशवीत तळाला असते. दादरला उतरल्यावर प्लॅटफॉर्मवर ती काढते, पांघरते, आणि रांगेत जाते. येताना परत पिशवीत.

हे तिनं मला आठ ओळींत लिहून दाखवलं. यमक नाही, सूर्य नाही, 'तुम्ही' तर नाहीच. मी संपादकांना म्हटलंय, पुढच्या अंकात पहिल्या पानावर घ्या. ती म्हणते छापा, पण नाव घालू नका, खोली जाईल.